कामानिमित्त प्रवास आणि साध्या हॉटेलातील जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विक्री प्रतिनिधी, लेखापरीक्षक, साइटवर जाणारे अभियंते, यंत्रांच्या दुरुस्तीसाठी फिरणारे तंत्रज्ञ, शाखांच्या तपासणीला जाणारे बँक कर्मचारी अशा अनेकांना महिन्यातील बरेच दिवस घराबाहेर जेवावे लागते, आणि त्यांचे बहुतेक जेवण साध्या, मध्यम दर्जाच्या हॉटेलातच होते. टेबल-खुर्च्या, मेनूकार्ड, वेटर आणि दाराशी गल्ला असलेले, भारतातील कोणत्याही जिल्ह्याच्या गावी आढळणारे हॉटेल येथे अभिप्रेत आहे. अशा हॉटेलात चांगले जेवण नक्की मिळते, मात्र त्यासाठी त्या स्वयंपाकघरात त्या वेळी जे सर्वाधिक खपत असेल ते मागवण्याची सवय लावून घ्यावी लागते. पुढील बहुतेक उत्तरे याच एका मुद्द्याकडे येतात.

अनोळखी गावात, हाताशी जेमतेम अर्धा तास असताना, हॉटेल कसे निवडावे?

गर्दी पाहावी, परंतु ती कोणाची आहे हेही पाहावे. आसपासचे दुकानदार, बँकेतील कर्मचारी, न्यायालयातील वकील आणि कारकून जेथे दुपारी जेवताना दिसतात, ते हॉटेल सहसा फसवत नाही, कारण हे ग्राहक रोजचे असतात आणि एकदा पोट बिघडले की ते पुन्हा येत नाहीत. याउलट महामार्गावरील हॉटेलासमोर उभ्या असलेल्या लक्झरी बसगाड्यांची रांग हा चांगल्या जेवणाचा पुरावा मानू नये. अशा थांब्यांवर चालक आणि क्लीनर यांना जेवण फुकट देण्याची पद्धत आहे, आणि प्रवाशांपुढे दुसरा पर्यायच नसतो.

लॉजच्या काउंटरवर विचारायचे असेल, तर 'येथे चांगले हॉटेल कोणते' असे विचारू नये, कारण त्या प्रश्नाला बहुतेक वेळा गावातील सर्वांत महागड्या हॉटेलाचे नाव सांगितले जाते. 'तुम्ही स्वतः घराबाहेर जेवता तेव्हा कोठे जाता' असे विचारल्यास उत्तर निराळे मिळते आणि ते बहुधा उपयोगी ठरते. मोबाइलवरील गुणांकन पाहण्यास हरकत नाही, मात्र सरासरी आकडा पाहण्याऐवजी गेल्या महिन्या-दोन महिन्यांतील अभिप्राय वाचावेत. आचारी बदलला की हॉटेल बदलते, आणि जुने चांगले गुण मात्र तसेच राहतात.

आत शिरल्यावर बसण्यापूर्वी हात धुण्याच्या निमित्ताने बेसिनपर्यंत जाऊन यावे. बेसिनजवळ साबण आहे का, टेबल पुसण्याचे फडके कोणत्या रंगाचे झाले आहे, स्वयंपाकघराच्या दारातून खवट तेलाचा वास येतो का, एवढे पाहण्यास एक मिनिट पुरते. हे मिनिट वाचवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू.

एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा, परवाना पाहणे उपयोगी आहे का?

होय, परंतु त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ नुसार प्रत्येक उपाहारगृहाला नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो आणि तो दर्शनी भागात लावावा लागतो. त्याचा क्रमांक १४ अंकी असतो आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणेही बंधनकारक आहे. परवाना असल्याने त्या दिवशीचे स्वयंपाकघर स्वच्छ आहे अशी हमी मिळत नाही, मात्र तक्रार करण्याची वेळ आली तर हा क्रमांक हाताशी असणे फार सोयीचे पडते. ज्या हॉटेलाच्या भिंतीवरही तो नाही आणि बिलावरही नाही, त्याने मूलभूत नियमाकडेच दुर्लक्ष केलेले असते, आणि तेवढ्यावरून पुढचा अंदाज बांधण्यास हरकत नसावी.

मेनूकार्डात दीडदोनशे पदार्थ असतात. त्यांतून काय मागवावे?

यासाठी आधी स्वयंपाकघराची रीत माहीत असायला हवी. उत्तर भारतीय पद्धतीचे पदार्थ देणाऱ्या मध्यम हॉटेलात सकाळीच मोठ्या पातेल्यांत दोन-तीन मूळ ग्रेव्ह्या करून ठेवलेल्या असतात. कांदा चांगला परतून केलेली तपकिरी, टोमॅटोची लाल, आणि काजू व मगजबी वाटून केलेली पांढरी. पनीर बटर मसाल्याची ऑर्डर आत गेली की आचारी कढईत बटर टाकतो, त्यावर आले-लसणाची पेस्ट, मग एक पळी लाल ग्रेव्ही, अर्धी पळी पांढरी, थोडे पाणी, पनीरचे तुकडे, हातावर चुरडलेली कसुरी मेथी आणि शेवटी साईची एक रेघ, की चार-पाच मिनिटांत पदार्थ टेबलावर येतो. त्याच कढईत सिमला मिरची आणि भरडलेले धणे पडले की 'कढाई पनीर' होते, लाल तिखट आणि तेल वाढले की 'व्हेज कोल्हापुरी'. कोल्हापुरातील घरांत मात्र या नावाची भाजी होत नाही.

या पद्धतीत गैर काहीच नाही. शंभर माणसांना वेळेवर जेवू घालायचे असेल तर असेच करावे लागते. मात्र त्यामुळे कार्डावरील चाळीस भाज्यांमधून निवड करताना आपण वस्तुतः दोन-तीन ग्रेव्ह्यांमधूनच निवड करत असतो, आणि सलग चार दिवस ती खाल्ली की कंटाळा आणि जळजळ दोन्ही येतात. क्वचित जाणाऱ्याला याचे काही वाटणार नाही. कामासाठी वारंवार फिरणाऱ्याने मात्र ग्रेव्हीबाहेरचे पदार्थ शोधावेत. डाळ बहुधा सकाळी शिजवलेली असली तरी तिला फोडणी ऑर्डर आल्यावर पडते आणि ती उकळून येते. जिरा आलू, भेंडी फ्राय, मेथी-मटार यांसारख्या कोरड्या भाज्या, अंडा भुर्जी, तव्यावरची पोळी किंवा फुलका यांत ताजेपणा जास्त आणि काजू-साय कमी असते.

दुपारी थाळी किंवा राइस प्लेट हा बहुतेक हॉटेलांतील सर्वांत भरवशाचा पदार्थ असतो. ती त्याच दिवशी केलेली असते, तासाभरात खपते आणि तिच्यातील भाजी रोज बदलते. कार्ड उघडण्यापूर्वी शेजारच्या टेबलांवर काय दिसते ते पाहावे. दहापैकी आठ टेबलांवर थाळी असेल तर निर्णय झालाच.

हॉटेलाचा मूळ पिंड ओळखणेही तितकेच महत्त्वाचे आहे. उडुपी हॉटेलात डोसा, इडली, उपमा मागवावा आणि तंदुरी पदार्थ टाळावेत. पंजाबी ढाब्यावर याच्या उलट करावे. डोसा हा प्रवाशाचा मोठा मित्र आहे. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडले जाते, ते चुरचुरत उडून जाते, तवा पुसला जातो, पीठ वाटीने गोल पसरले जाते, आणि तव्यावरून निघालेला डोसा मिनिटाभरात आपल्यासमोर येतो. तयार करून ठेवता न येणारा आणि तरीही झटपट होणारा असा दुसरा पदार्थ शोधणे कठीण आहे.

कोणत्या वेळी जेवणे चांगले?

दुपारी साडेबारा ते दोन आणि रात्री आठ ते साडेनऊ या वेळांत. दुपारी साडेतीन ते सात या वेळात पुष्कळ हॉटेलांत तंदूर थंड झालेला असतो, मुख्य आचारी विश्रांतीला गेलेला असतो आणि दुपारचे उरलेले गरम करून वाढले जाण्याची शक्यता वाढते. बैठक लांबून चार वाजले तर पूर्ण जेवणाचा हट्ट सोडून डोसा, ऑम्लेट, पोहे, टोस्ट असे काही तरी घ्यावे आणि रात्री लवकर जेवावे. तमिळनाडूत 'मील्स', म्हणजे भाताचे पूर्ण जेवण, बहुधा दुपारपुरतेच मिळते आणि सकाळ-संध्याकाळ 'टिफिन' म्हणजे इडली, डोसा, पोंगल, वडा यांची वेळ असते. ती वेळ पाळल्यास फार चांगले खायला मिळते.

पाणी कोणते प्यावे, आणि बाटलीचे जास्त पैसे घेतले तर काय करावे?

सीलबंद बाटलीचे झाकण आपल्यासमोर उघडले जावे, एवढी काळजी पुरेशी आहे. केरळात अनेक हॉटेलांत औषधी लाकडाचे तुकडे किंवा जिरे घालून उकळलेले कोमट पाणी देतात. त्याचा गुलाबी रंग पाहून दचकू नये. ते उकळलेले असल्यामुळे जगमधील साध्या पाण्यापेक्षा बरे.

प्रवासात पोट बिघडते ते बरेचदा प्यायलेल्या पाण्यापेक्षा खाण्यात लपलेल्या कच्च्या पाण्यामुळे. हिरवी चटणी, कापून ठेवलेला कांदा-काकडी, बर्फ, पाणी घालून पातळ केलेले ताक, पाणीपुरीचे तिखट पाणी यांतील पाणी उकळलेले नसते. चहा मात्र उकळूनच होतो, त्यामुळे कोणत्याही गावात तो घेण्यास हरकत नाही. ओल्या नारळाची चटणी सकाळी उत्तम असते आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबू लागते. जिभेला किंचित आंबट लागली की ती बाजूला सारावी.

छापील किमतीबाबत लोकांत मोठा गैरसमज आहे. हॉटेलात बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला छापील कमाल किमतीपेक्षा अधिक रक्कम आकारता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे, कारण तेथे बाटलीसोबत बसण्याची जागा आणि सेवाही दिली जाते. दुकानात किंवा स्टॉलवर मात्र छापील किमतीहून जास्त घेता येत नाही. म्हणून वेटरशी वाद घालण्याऐवजी बसण्यापूर्वी बाहेरून बाटली विकत घ्यावी.

कोणते पदार्थ अधिक जपून खावेत?

अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात फार वेळ राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून वाफाळते आलेले अन्न आणि कोमट आलेले अन्न यांत फरक करावा, आणि कोमट आलेली वाटी विनासंकोच परत पाठवावी.

भाताकडे आपण निरुपद्रवी म्हणून पाहतो, पण त्याबाबत विशेष सावध राहावे लागते. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि भात बाहेर तसाच राहिला तर ते वाढून असे विष तयार करतात की जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. दुपारचा भात रात्री 'फ्राइड राइस' किंवा 'जिरा राइस' या नावाने परतून येऊ शकतो. रात्री उशिरा, ओस पडलेल्या हॉटेलात भाताऐवजी पोळी किंवा रोटी मागवावी हे बरे.

मांसाहार खपाच्या ठिकाणीच करावा. किनाऱ्यापासून दूरच्या गावात मासे मागवण्यापूर्वी ते केव्हा आणि कोठून आले हे विचारावे. ज्याच्याकडे उत्तर असते तो ते अभिमानाने सांगतो. तळलेल्या पदार्थांचे तेल किती वेळा वापरले आहे हे ग्राहकाला मोजता येत नाही. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या घातक ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे, परंतु टेबलावर बसलेल्या माणसाच्या हाती केवळ रंग आणि वास हीच साधने असतात. काळपट भजी आणि घशाशी येणारा वास हे पुरेसे उत्तर आहे.

वेगवेगळ्या राज्यांत महाराष्ट्रीय माणसाने काय लक्षात ठेवावे?

स्थानिक पद्धतीचे जेवण घ्यावे, कारण आचाऱ्याचा हात त्याच्यावर बसलेला असतो. पाटण्यात मसाला डोसा आणि मदुराईत पनीर शोधत फिरणाऱ्याची निराशा होते, आणि दोष मात्र त्या शहराला दिला जातो.

अहमदाबाद किंवा राजकोटला गुजराती थाळीतील डाळ आणि भाजी गोडसर असते. ती मानवत नसेल तर 'काठियावाडी' अशी पाटी पाहावी, तेथे बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो आणि सेव-टमाट्याची झणझणीत भाजी मिळते, जी आपल्या खानदेशी जिभेला लगेच जवळची वाटते. बेंगळुरूत 'दर्शिनी' नावाची उभ्याने खाण्याची हॉटेले आहेत. तेथे आधी गल्ल्यावर पैसे भरून टोकन घ्यायचे आणि मग काउंटरवरून बशी उचलायची असते. टेबलाशी वाट पाहत राहिल्यास कोणीही विचारायला येणार नाही. सकाळी लवकर बैठकीला निघायचे असेल तर याहून चांगली सोय नाही. आंध्र आणि तेलंगणातील 'मील्स' पोटभर आणि तिखट असते. भातावर आधी कोरडी पूड आणि तूप, मग डाळ, मग सांबार-रसम आणि शेवटी दही हा तेथील क्रम पाळला तर तिखटही निभावते. चेन्नईत जेवणाची पाने मांडली की वाढपी पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि नको असेल तेव्हा पानावर हात आडवा धरला की त्याला कळते.

कोलकात्यात मध्यम खर्चात उत्तम जेवायचे असेल तर जुन्या 'पाइस हॉटेलां'कडे वळावे. तेथे भात, डाळ, भाजी, माशाचा तुकडा अशी प्रत्येक गोष्ट वेगळी मोजली जाते, काही ठिकाणी तर केळीच्या पानाचेही वेगळे पैसे लागतात. शाकाहारी माणसाने 'निरामिष' हा शब्द वापरावा आणि मासे नकोत हेही स्पष्ट सांगावे. दिल्ली, पंजाब, हरियाणा या भागांत 'वैष्णो ढाबा' म्हणजे शाकाहारी ढाबा. तेथील डाळ आणि तंदुरी रोटी यांच्यावर दोन वेळचे जेवण आनंदाने होते, मात्र तंदुरी रोटी गार झाली की चिवट होते, म्हणून एका वेळी एकच मागवावी.

आपल्या राज्यातही अंतर कमी नाही. नागपूरला सावजी पद्धतीचे जहाल तिखट जेवण पहिल्यांदा घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाची बैठक ठेवू नये.

'तिखट कमी करा' असे सांगूनही पदार्थ तिखटच येतो. असे का होते?

कारण तिखट आधीच ग्रेव्हीत पडलेले असते आणि आचाऱ्याला ते काढता येत नाही. फार तर तो साय किंवा पांढरी ग्रेव्ही वाढवतो. तिखट कमी हवे असेल तर ऑर्डर आल्यावर होणारे पदार्थ निवडावेत. तोंड पोळलेच तर पाण्याने उपयोग होत नाही, कारण मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही. दही किंवा दूध घ्यावे.

मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास काय करावे?

साखर कोठे लपलेली आहे हे माहीत असावे: पांढरी आणि मखनी ग्रेव्ही, गुजराती डाळ, टोमॅटो सूप, आणि 'फ्रेश ज्यूस'. नानऐवजी गव्हाची तंदुरी रोटी मागावी, कारण नान मैद्याचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, आणि हॉटेलातील लोणचे, पापड, मसाला ताक, सूप यांतून ही मर्यादा एका जेवणातच ओलांडली जाऊ शकते. लोणचे-पापड उचलून बाजूला ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय होय. इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी औषध घेऊन मग ऑर्डर देण्याची चूक कधीही करू नये. जेवण टेबलावर आल्यावर, आपल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेच्या हिशेबाने औषध घ्यावे, कारण गर्दीच्या हॉटेलात ताट चाळीस मिनिटांनीही येऊ शकते.

उपवास, जैन आहार किंवा एखाद्या पदार्थाची अॅलर्जी असेल तर?

साबुदाण्याची खिचडी महाराष्ट्राबाहेर सगळीकडे मिळेल असे गृहीत धरू नये. उत्तरेत नवरात्रात 'व्रत की थाली' मिळते, तिच्यात कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या आणि सैंधव मीठ असते. दक्षिणेत उपवासाची कल्पनाच वेगळी असल्यामुळे केळी, दूध आणि शहाळे यांवर भिस्त ठेवावी. जैन आहारासाठी पदार्थात कांदा-लसूण नको एवढे सांगून भागत नाही, कारण मूळ ग्रेव्हीतच कांदा असतो. जैन ग्रेव्ही वेगळी केली जाते का, हे कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, थेट विचारावे.

अॅलर्जीच्या बाबतीत अजिबात भिडस्तपणा नको. काजू पांढऱ्या ग्रेव्हीत असतात आणि त्यांचे नाव पदार्थात कोठेही नसते. शेंगदाणे चटणीत आणि कोशिंबिरीत असतात, शेंगदाण्याचे तेलही वापरले जाते. गव्हाची अॅलर्जी असणाऱ्यांनी हिंगाकडेही लक्ष द्यावे, कारण बाजारातील पूड हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. 'मला हे आवडत नाही' असे म्हणण्याऐवजी 'हे खाल्ले तर मला रुग्णालयात न्यावे लागेल' असे सांगितले की आत निरोप पोहोचतो.

एकट्या महिलेने अनोळखी गावात कोठे जेवावे?

'परमिट रूम' अशी पाटी असलेली जागा टाळून शुद्ध शाकाहारी किंवा उडुपी पद्धतीचे हॉटेल निवडल्यास वातावरण सहसा कुटुंबाचे असते. बऱ्याच हॉटेलांत 'फॅमिली सेक्शन' असतो आणि एकट्या महिलेला तेथे बसण्याचा पूर्ण अधिकार आहे. 'एकट्याच आहात का' या प्रश्नाला संकोचून कोपऱ्यातले टेबल स्वीकारण्याची गरज नाही. गल्ल्यावरून दिसणारे टेबल मागावे. लॉजचे नाव किंवा खोली क्रमांक वेटरला सांगू नये. रात्री उशीर झाला तर पार्सल मागवावे आणि ते काउंटरवर जाऊन घ्यावे.

ऑफिसला बिल देताना काय काय पाहावे?

येथे अनेकांची पदरमोड होते, म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहोत. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा, बिल नव्हे. कित्येकदा तो मालकाच्या वैयक्तिक नावावर असतो आणि लेखा विभाग तो नाकारतो. छापील बिल मागावे आणि त्यावर हॉटेलाचे नाव, पत्ता, तारीख, बिल क्रमांक व जीएसटी क्रमांक आहे का ते तेथेच वाचावे. जीएसटी क्रमांक १५ वर्णांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गुजरात २४.

साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के लागतो आणि तो अडीच टक्के केंद्राचा व अडीच टक्के राज्याचा असा दाखवला जातो. नोव्हेंबर २०१७ पासून वातानुकूलित आणि साध्या विभागाचा करदर एकच आहे; एसीत जास्त पैसे लागतात ते मेनूकार्डावरील दर वेगळे असल्यामुळे. ज्या निवासी हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांहून अधिक असते, तेथील उपाहारगृहात १८ टक्के कर लागतो, आणि दैनिक भत्ता ठरलेला असेल तर हा फरक खिशाला चांगलाच जाणवतो.

लहान हॉटेले अनेकदा कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत, असतात. त्यांना ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही आणि ते या योजनेत असल्याचे बिलावर लिहावे लागते. असे लिहिलेल्या बिलावर कर लावलेला दिसला तर तो काढून टाकण्यास सांगावे. बिलावर कर नाही म्हणून ते खोटे आहे, असा समज लेखा विभागातही आढळतो. तो योग्य नाही.

'कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकून आणा' असा आग्रह काही कार्यालये धरतात. जेवणखाणाच्या खर्चावर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार सर्वसाधारणपणे कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे त्या क्रमांकापायी वीस मिनिटे गल्ल्यावर उभे राहण्यात अर्थ नाही. कंपनीचे नाव असले तर चांगलेच. मद्य जीएसटीच्या कक्षेत येत नाही आणि बहुतेक कंपन्या त्याची भरपाई देत नाहीत. ते घेतल्यास त्याचे बिल आधीच वेगळे करून मागावे. आणि थर्मल कागदावरील अक्षरे काही काळाने पुसट होतात, तेव्हा टेबलावरून उठण्यापूर्वीच बिलाचा फोटो काढून ठेवावा.

सेवा शुल्क द्यावेच लागते का? टिप किती द्यावी?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवा शुल्क आपोआप बिलात जोडता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना ग्राह्य ठरवल्या. बिलात ते आढळल्यास काढण्यास सांगावे. नकार मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

टिप ही ऐच्छिक आहे, परंतु एकाच गावात पुन्हा पुन्हा जाणाऱ्याने ती मनापासून द्यावी, आणि शक्यतो रोख, थेट वाढणाऱ्याच्या हातात. आज कोणती भाजी ताजी आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

ग्राहक कंपनीतील व्यक्ती किंवा वरिष्ठ सोबत असतील तर?

जागा निवडण्याचा मान स्थानिक व्यक्तीला द्यावा आणि शाकाहार, उपवास, वार यांबाबत आधी विचारून घ्यावे. बिल द्यायचे असेल तर जेवण संपण्यापूर्वी हात धुण्यास उठून गल्ल्यावरच चुकते करावे. टेबलावर बिलासाठी ओढाताण दोन्ही बाजूंना अवघड वाटते.

पोट बिघडलेच तर पहिल्या दिवशी काय करावे?

शरीरातील पाणी आणि क्षार भरून काढणे हे पहिले काम. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असलेली ओआरएसची पुडी मागावी आणि पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घ्यावे. मोठी पुडी एक लिटरसाठी असते, ती ग्लासभर पाण्यात घालू नये. तशाच वेष्टनात मिळणारी गोड पेये त्या जागी चालत नाहीत. दहीभात, केळे, मऊ खिचडी पुरते. शौचातून रक्त जात असेल, ताप असेल, लघवी कमी झाली असेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर दौरा थांबवून डॉक्टरांकडे जावे. मधुमेही आणि साठीपुढील व्यक्तींनी एवढीही वाट पाहू नये.

एकाच गावी दोन-तीन आठवडे राहायचे असेल तर रोज हॉटेलातच जेवावे का?

नाही. पहिल्या दोन दिवसांतच खानावळ किंवा मेस शोधावी. महाविद्यालय, औद्योगिक वसाहत, जिल्हा रुग्णालय किंवा न्यायालय यांच्या आसपास ती हमखास असते, आणि तेथील जेवणात तेल-मसाला बेताचा असतो, कारण तीच माणसे तेथे वर्षभर जेवतात. पूर्ण महिन्याचे पैसे आगाऊ भरू नयेत. आठवड्याचे कूपन मिळते का ते विचारावे. रविवारी रात्री मेस बहुधा बंद असते, त्याची चौकशी शनिवारीच करावी. मेसचे बिल ऑफिसला चालते का हे मात्र जाण्यापूर्वी लेखा विभागाकडून लेखी विचारून घ्यावे, कारण बहुतेक मेसमध्ये छापील बिल मिळत नाही आणि साध्या पावतीवर मालकाची सही घ्यावी लागते.